अठरा सेकंदांची लढाई

मे महिन्यातली रात्र. भिलाईच्या हुडकोतल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती सहा माणसं, मध्ये एक वही, मूठभर रंगीत फासे आणि वाटीभर फुटाणे असा थाट. कूलर जिवाच्या आकांताने घरघरत होता. माझ्या पुतण्याने कागदावर पेन्सिलीने चार फुल्या मारल्या आणि जाहीर केलं, "पुलाखालून चार गॉब्लिन बाहेर आलेत. लढाई सुरू!"

तेव्हा आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. शेवटची फुली खोडली गेली तेव्हा दहाला पाच कमी होती. वहिनीने दोनदा पोळ्या गरम करून पुन्हा झाकून ठेवल्या होत्या, माझी धाकटी पुतणी टेबलावर डोकं टेकून फाशांचे मनोरे रचत होती आणि माझा दादा चक्क झोपला होता. हातात वीस बाजूंचा फासा तसाच. पहिल्या शिफ्टला जायचं म्हणून पहाटे साडेचारला उठलेला माणूस तो, त्याची पाळी यायला पंचवीस मिनिटं लागली तर दुसरं काय होणार?

पुतण्याने बापाकडे एकदा पाहिलं. त्याला उठवलं नाही. आवाज न करता वही मिटली, फासे डब्यात भरले आणि म्हणाला, "राहू दे. असंही पूर्ण होणार नाहीये हे."

सुट्टीवर माहेरी आले होते मी. डब्यात फासे भरतानाचा त्याचा तो चेहरा पाहिला नसता तर हा लेख लिहिला गेला नसता.

आधी हा खेळ काय ते सांगायला हवं, कारण आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना तो ठाऊक नाही. नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी तो १९७४ साली बाजारात आणला. सोंगट्या, पट असलं काही नसलं तरी चालतं. एक जण सूत्रधार होतो, तो गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं ते बोलून दाखवतात. जमलं की नाही हे फासा ठरवतो. लहानपणी आपण 'तू राजा, मी चोर' खेळायचो ना, त्याला नियम आणि फासे जोडा, झालं. २०१६ पासून 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका आली आणि तिच्यातली पोरं हाच खेळ खेळताना दिसली. आमच्या पुतण्याच्या डोक्यात तो तिथूनच शिरला.

आमच्या घरात सूत्रधार अर्थातच तो. दादा झाला होता लोहार, शेजारचा बंगाली मुलगा मांत्रिक, दहा वर्षांची पुतणी तिरंदाज. आई म्हणजे मुलांची आजी, झोळीत मुळ्या-पाला घेऊन फिरणारी वैदीण. मला चोराचं पात्र मिळालं. पत्रकाराला तेच शोभतं, असं चिरंजीवांचं मत पडलं.

आईने सुरुवातीला नाक मुरडलं होतं. मग एका संध्याकाळी नातवाने सांगितलं, "आजी, या गॉब्लिनचा एसी पंधरा आहे." आई म्हणाली, "अगं बाई! त्या मेल्याकडे एसी, आणि आपण पंचेचाळीस डिग्रीत कूलरवर?" एसी म्हणजे आर्मर क्लास, शत्रूच्या चिलखताचा आकडा. फासा तेवढा किंवा त्याहून जास्त पडला की वार लागतो. हे समजावून सांगितल्यावरसुद्धा आईचा त्या गॉब्लिनवरचा राग काही गेला नाही, आणि त्या दिवसापासून तिने एकही बैठक चुकवली नाही.

पण खरी गोष्ट दादाची होती. पुतण्याचं बारावीचं वर्ष कसं गेलं ते मी फोनवरून ऐकत होते. दादा ब्लास्ट फर्नेसला, तिन्ही शिफ्ट फिरत्या. मुलगा शाळा आणि क्लासमध्ये. दोघांची गाठ पडायची तेव्हा बोलणं एकच, टेस्टमध्ये किती पडले? भिलाईत हे नवीन नाही. इथे घरोघरी एक मुलगा कुठल्या तरी परीक्षेची तयारी करत असतो आणि घरोघरी एक बाप शिफ्टच्या हिशेबाने झोपत-उठत असतो. परीक्षा संपल्यावर मुलाने एकदा भीत भीत विचारलं, "बाबा, खेळणार?" आणि दादा, ज्याने आयुष्यात रमीसुद्धा धड खेळली नाही, तो हो म्हणाला. वहिनीने मला सांगितलं, पहिल्या दिवशी लोहाराच्या हातोड्याचं वजन किती असावं यावर बापलेक अर्धा तास बोलत होते. दोन वर्षांत एवढं बोलणं झालं नव्हतं.

मुलाला पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला जायचं होतं. दुर्गहून आझाद हिंद एक्सप्रेसचं तिकीट काढलेलं होतं. दादाच्या शिफ्ट, साप्ताहिक सुट्टी, लग्नकार्यं वगळून हिशेब केला तर सगळ्यांना एकत्र बसता येईल अशा पाच संध्याकाळी उरत होत्या. आणि पुतण्याच्या वहीत गोष्टीच्या शेवटापर्यंत लढाया उरल्या होत्या नऊ. एका संध्याकाळी एक लढाई, तीही बाप झोपेपर्यंत. म्हणून तो म्हणाला होता, पूर्ण होणार नाही.

गोष्ट सांगताना कुणाला कंटाळा येत नव्हता बरं का. गावात शिरायचं, सरायच्या मालकाशी हुज्जत घालायची, कुलूप फोडायचं, यात सगळे रंगून जायचे. "लढाई सुरू" म्हटलं की मात्र गाडी सिग्नलला उभी राहायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुतण्याला घेऊन बसले. पत्रकारितेच्या डिप्लोमाला एका सरांनी सवय लावली होती, तक्रार लिहिण्याआधी मोजून बघा. म्हणून आदल्या रात्री मी वहीच्या मागच्या पानावर वेळा टिपून ठेवल्या होत्या. सुरुवातीला निव्वळ चाळा म्हणून, नंतर कुतूहल म्हणून.

पुलावरची ती लढाई झाली तीन फेऱ्यांची. एका फेरीत प्रत्येक पात्राला एकदा पाळी मिळते. मी विचारलं, "गोष्टीतली फेरी म्हणजे किती वेळ?" तो पुस्तक न उघडता म्हणाला, "सहा सेकंद." म्हणजे ती अख्खी लढाई अठरा सेकंदांत झाली होती आणि आम्हाला लागली होती एकशे दहा मिनिटं! आम्ही दोघंही हसत सुटलो.

मग पानावरच्या नोंदी वाचल्या. मला वाटलं होतं, लोक विचार करण्यात वेळ घालवत असतील. तसं काही निघालं नाही. विचारात गेलेली मिनिटं जोडली तर ती वीससुद्धा भरली नाहीत. वेळ खाल्ला होता भलत्याच गोष्टींनी. "आता कुणाची पाळी?" हा प्रश्न आणि त्यावरचा वाद. सोफ्याखाली घरंगळलेला फासा. मंत्राचा नियम पुस्तकात शोधणं, आणि सापडल्यावर त्यावर मांत्रिकाने घेतलेली हरकत. आधी वाराचा फासा टाकायचा, मग विचारायचं लागला का, मग दुखापतीचा फासा कुठला ते शोधायचं, मग तो टाकायचा, मग बेरीज. ही बेरीज पुतणी बोटांवर करायची आणि चुकली की दादाला हसू यायचं, मग ती रुसायची. कुणी फोन पाहत असेल तर त्याला मागचं सगळं पुन्हा सांगायचं. चार गॉब्लिनच्या चार वेगळ्या पाळ्या, चार वेगळे फासे.

सगळ्यात मोठी नोंद शेवटची होती. तीन गॉब्लिन दुसऱ्या फेरीअखेर मेलेले होते. आम्ही पाच, तो एक. निकाल लागलेला होता. तरी त्या एकट्याला मारायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली, कारण कुणाचा फासा धड पडेना. दादा झोपला तो याच पंचवीस मिनिटांत.

वाळूचं घड्याळ

हे सगळं हातात असूनही मी आधी चूकच केली. घरात जुन्या खेळाच्या खोक्यात वाळूचं एक छोटं घड्याळ होतं. पुढच्या बैठकीत मी ते टेबलावर ठेवलं आणि ठणकावलं, वाळू संपेपर्यंत ठरवा, नाही तर पाळी गेली. मांत्रिकाला गंमत वाटली. आईने "परीक्षेला बसवलंस की काय मला?" म्हणून टोमणा मारला. पुतणीची पाळी आली. ती वाळूकडेच बघत बसली. वाळू संपली. दुसऱ्या फेरीतही तेच. तिसऱ्या फेरीला ती उठून आत गेली आणि उशीत तोंड खुपसून रडली.

वहिनी शाळेत शिकवते. ती पेपर तपासत होती, मान वर न करता म्हणाली, "वन्सं, ज्याला गणित येतं त्याला घड्याळ मदत करतं. ज्याला येत नाही त्याला ते फक्त घाबरवतं." मी घड्याळ उचलून परत खोक्यात ठेवलं.

खेळ लांबतो आणि माणसं त्याला आवरू पाहतात, हे दुखणं मात्र फार जुनं. त्या रात्री पुतण्या आणि मी गच्चीवर बसून याच विषयावर बोलत होतो, मोबाइलवर शोधत होतो. १९३९ च्या मार्चमध्ये डर्बनला इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका यांची कसोटी झाली. निकाल लागेपर्यंत खेळायचं, दिवसांची मर्यादा नाही, असं ठरलेलं. ३ मार्चला सुरू झालेला सामना १४ मार्चला अनिर्णितच सोडावा लागला. इंग्लंडला जिंकायला ६९६ हव्या होत्या, ६५४ झाल्या होत्या, पाचच गडी बाद होते आणि त्यांची मायदेशी जाणारी बोट सुटायची वेळ झाली होती! पुतण्या म्हणाला, "म्हणजे माझी आझाद हिंद." मी काही बोलले नाही.

बुद्धिबळातही पूर्वी घड्याळ नव्हतं. खेळाडू एकेका खेळीवर वाटेल तेवढा वेळ घ्यायचे. दोन पाळ्यांचं जोडघड्याळ स्पर्धेत आलं ते १८८३ साली, लंडनला. त्याच्या कितीतरी आधी युरोपात दुसरा उपाय केला गेला होता, खेळाचे नियमच वेगवान केले गेले. प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरं, वजीर आणि उंटाला लांबवर धाव. आमचे बाबा अमरावतीकडच्या खेड्यातले, अजूनही देशी पद्धतीने बुद्धिबळ खेळतात, प्यादं एकच घर पुढे. त्यांच्याबरोबर डाव मांडला की सैन्यं एकमेकांना भिडायलाच चहाचे दोन कप होतात.

पण आमच्या दुखण्याला सगळ्यात जवळची हकीकत सापडली ती प्रशियातली, म्हणजे आजच्या जर्मनीतली. हे फासे टाकून लढाया खेळणं मुळात तिथल्या लष्करातून आलेलं. राईसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. नकाशावर छोटे ठोकळे, एक पाळी म्हणजे लढाईतली दोन मिनिटं, आणि मध्ये एक पंच. दोन पलटणी भिडल्या की पंचाने फासे टाकायचे, तक्ते उघडायचे, किती माणसं पडली ते काढायचं. अधिकारी शिकण्यासाठी हा खेळ खेळत. पण तक्ते आणि बेरजा यांत वेळ इतका जाई की लढाईचा जोश तिथेच थिजायचा. शेवटी १८७६ मध्ये व्हेर्दी दु व्हेर्न्वा नावाच्या सेनाधिकाऱ्याने सरळ सांगून टाकलं, तक्ते आणि फासे बाजूला ठेवा, पंच अनुभवी आहे ना? मग त्याने परिस्थिती बघून निकाल द्यावा. खेळ झपाट्याने चालू लागला.

"पण आत्या, मी कुठे अनुभवी आहे?" पुतण्या म्हणाला. "आणि मी असंच सांगितलं की बाबा हरले, तर ते म्हणतील तू मुद्दाम केलंस."

प्रश्न रास्त होता. फासा पडला की भांडण फाशाशी. माणसाने ठरवलं की भांडण माणसाशी. प्रशियाच्या लष्करात पंचाला हुद्दा होता, आमच्या पंचाला मिसरूडही नुकतंच फुटत होतं. फासे काढून टाकणं आमच्या घराला परवडणारं नव्हतं.

बाबांचं हुतूतू

वाट दाखवली ती बाबांनी. ते खेळत नसत, आरामखुर्चीत बसून बघत. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते अचानक म्हणाले, "पोट्टे हो, तुमची लढाई पाहून राहिलो मी चार दिवसांपासून. लढाई आहे का पंचायत समितीची मीटिंग? एक जण बोलते, बाकी फुटाणे खाते."

बाबांनी तरुणपणी गावात हुतूतूची मैदानं गाजवलेली. तो विषय निघाला की आम्ही पोरं हळूच सटकायचो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हुतूतू दाखवला, हे आम्ही त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आम्हीच तिथे होतो असं वाटावं. या वेळी मात्र मी ऐकत बसले.

"कबड्डीत चढाई किती वेळाची?" बाबांनी विचारलं.

"तीस सेकंद," पुतणी म्हणाली. टीव्हीवर बघते ती.

"आमच्या वेळी दम टिकेल तेवढी. पण ते सोड. चढाई एकाची असते ना? मग बाकीचे सात जण काय करतात? बसून राहतात? साखळी धरतात, त्याचा पाय बघतात, कोपरा दाबतात. चढाई एकाची, खेळतात आठही जण. म्हणून तीस सेकंद कुणाला जड जात नाही."

मला एकदम ती वाळू आठवली. मी पाळी असलेल्या माणसाला घाई करत होते. अडचण पाळी नसलेल्या माणसांची होती.

त्या दुपारी आम्ही नियम बसवले. आम्ही म्हणजे सगळ्यांनी, दादासकट. हे मुद्दाम सांगते, कारण सूत्रधाराने लढाईच्या मधोमध नियम बदलला तर ती चलाखी वाटते. आधी सगळ्यांसमोर ठरलं की तोच नियम होतो.

फासे टाकून प्रत्येकाचा क्रमांक काढायचा, तो कागदावर उतरवायचा आणि दर फेरीला शोधायचा, हा प्रकार आधी बंद केला. ज्याचा फासा सगळ्यात मोठा, त्याच्यापासून सुरुवात आणि मग पंगतीत वाढतात तसं बसल्या जागी पुढे. सगळे गॉब्लिन एकाच वेळी, सूत्रधाराच्या पाळीत. वाराचा आणि दुखापतीचा फासा एकदमच टाकायचा, वार लागला नाही तर दुसऱ्याकडे बघायचंच नाही. शत्रूच्या दुखापतीचा फासा तर आम्ही काढूनच टाकला. पुस्तकात प्रत्येक राक्षसापुढे सरासरी आकडा छापलेलाच असतो, गॉब्लिनच्या तलवारीचा पाच. पाच म्हणजे पाच. पुस्तक लढाईच्या वेळी मिटलेलं राहील, वाद पडला तर सूत्रधार तिथल्या तिथे निकाल देईल आणि बरोबर काय ते जेवणानंतर बघितलं जाईल. मांत्रिकाने आपले सहा मंत्र सहा चिठ्ठ्यांवर स्वतःच्या हाताने लिहून आणायचे. ही चिठ्ठ्यांची अट मीच घातली. ज्याला स्वतःचा मंत्र लिहूनही आणता येत नाही त्याने मांत्रिक होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फासे घरंगळू नयेत म्हणून आईने पोळ्यांच्या डब्यातला जुना रुमाल परातीत अंथरून दिला.

आणि बाबांच्या साखळीसाठी प्रत्येकाला दुसऱ्याच्या पाळीतलं एक काम दिलं. पुतणीकडे आलं सगळ्यात मोठं. गॉब्लिनचा जीव सात अंकांचा असतो. बेरीज-वजाबाकी लिहिण्याऐवजी तिने प्रत्येक गॉब्लिनपुढे सात चिंचोके मांडायचे आणि वार लागला की तेवढे उचलायचे. चिंचोके संपले, गॉब्लिन संपला. बोटांवर मोजणं गेलं, चुकणं गेलं, आणि दादाचा हातोडा जोरात बसला की मूठभर चिंचोके उचलताना तिला जो आनंद व्हायचा तो बघण्यासारखा होता. मांत्रिकाने पुढची पाळी कुणाची हे आधीच पुकारायचं ठरलं. तो ते दुर्ग स्टेशनवरच्या बाईच्या आवाजात करायचा, "कृपया ध्यान दीजिए, दादीजी की पारी आनेवाली है, आत्या तैयार रहें." आत्या तयार राहायची.

राहिला तो शेवटचा एकटा गॉब्लिन. त्याचा उपाय पुतण्याला जुन्या पुस्तकात मिळाला. १९८१ सालच्या नियमांमध्ये शत्रूचं धैर्य तपासायची सोय होती. पहिला गडी पडला की एकदा आणि निम्मे पडले की पुन्हा, दोन फासे टाकायचे. त्यांची बेरीज शत्रूच्या धैर्याच्या आकड्यापेक्षा जास्त आली की तो पळतो किंवा शरण येतो. मला हे फार पटलं. आपले तिघे सोबती डोळ्यांदेखत पडल्यावर चौथा कशाला उभा राहील? बाबा म्हणाले, "आता कशी माणसात आली तुमची लढाई."

पहिलाच प्रयोग रविवारी. सहा गॉब्लिन, एक लांडगा. पस्तीस मिनिटं. दोन गॉब्लिन पळाले, एक शरण आला आणि त्याने गुहेची मागची वाट सांगितली, जी पुतण्याच्या वहीत नव्हतीच, त्याने तिथल्या तिथे बनवली. दादा जागा होता. त्याच संध्याकाळी दुसरी लढाईही झाली. तिसरी होणार होती, पण आईने पुढे होऊन त्या भुकेल्या दरोडेखोरांना झोळीतल्या दशम्या खायला घातल्या आणि लढाईच मोडीत काढली. मांत्रिक फार हिरमुसला, त्याच्याकडे नवा अग्निमंत्र तयार होता.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. एका संध्याकाळी सूत्रधाराने दिलेला निकाल दादाला पटला नाही, तो म्हणाला, "असं होऊच शकत नाही, लोखंड असं वाकत नाही," आणि बापलेकांत चांगली जुंपली. पण ते भांडण लोखंडावरून होतं, मार्कांवरून नव्हतं. वहिनीने माझ्याकडे बघून भुवई उडवली.

पाचवी संध्याकाळ

शेवटच्या दिवशी दादाला नाइट शिफ्ट होती. दहाला प्लांटमध्ये हजर, म्हणजे साडेनऊला घर सोडायचं. आम्ही साडेसातलाच बसलो. आझाद हिंद दुसऱ्या दिवशीची. पुतण्याची बॅग दाराशी भरून ठेवलेली, तिच्यावर आईने चिवड्याचा डबा ठेवलेला.

शेवटची लढाई ड्रॅगनशी होती हे सगळ्यांना माहीत होतं. तो कुठे राहतो हे माहीत नव्हतं. पुतण्याने वर्णन सुरू केलं. डोंगराएवढी एक जुनी भट्टी, वरून कच्चं लोखंड, कोळसा आणि चुनखडी ओतायचं तोंड, पोटात अडकलेली आग, खाली एक छिद्र आणि त्यातून वाहणारा तांबडा रस. ड्रॅगन त्या भट्टीच्या पोटात झोपलेला आणि तो त्या छिद्रातून आग ओकतो. दादा ऐकता ऐकता खुर्चीत पुढे सरकला. भट्टी त्याच्या ओळखीची होती.

लढाई जोरात चालली होती. ड्रॅगनचे चिंचोके दोन वाट्यांमध्ये ठेवावे लागले होते. मांत्रिक गारद झालेला, आईच्या मुळ्या संपत आलेल्या, माझी चोर एका खांबामागे लपलेली. दादाची पाळी आली. बंगाली मुलाने पुकारलं आणि दादा हातोडा न उचलताच म्हणाला, "ते खालचं भोक. टॅप होल. आमच्याकडे मेटल काढून झालं की मातीने बंद करतात. मड गन लावून. या लोहाराकडे माती आहे का?"

पुतण्याने वहीकडे बघितलं. वहीत अर्थातच असं काही नव्हतं. ड्रॅगनचा एसी होता, चिंचोके होते, मातीने तोंड बंद करायचा नियम जगातल्या कुठल्याही पुस्तकात नसेल. तो क्षणभर थांबला. मग बाबांकडे, म्हणजे माझ्या बाबांकडे, एक नजर टाकून म्हणाला, "माती आहे. नदीकाठी उतरला होतात तेव्हा घेतली होती, असं समजू. एकच फासा. बारा किंवा वर पडलं तर तोंड बंद."

दादाने फासा हातात खुळखुळवला. पुतणी दोन्ही वाट्यांवर हात ठेवून उभी राहिली होती. आईने डोळे मिटले होते. फासा परातीत पडला, रुमालावर दोनदा उलटला.

चौदा.

जो ओरडा झाला त्याने शेजारचे काकू-काका दारात आले. पुतणीने दोन्ही वाट्या एकदम उपड्या केल्या, चिंचोके घरभर. बाबा आरामखुर्चीतून उठून उभे राहिले होते, हे त्यांचं त्यांनाच नंतर कळलं.

घड्याळात पावणेनऊ. शिफ्टचा डबा ओट्यावर भरून तयार होता. वहिनी म्हणाली, "टेबल मोकळं करा आता, पानं घेते." कुणी हललं नाही. पुतण्या फासे डब्यात भरत होता, भरता भरता थांबला.

"बाबा," तो म्हणाला, "खरंच ते भोक वेळेवर बंद झालं नाही तर काय होतं?"

दादाने घड्याळाकडे पाहिलं, वाटीतले उरलेले फुटाणे जवळ ओढले आणि वहीचं कोरं पान उघडून पेन्सिल मागितली.